एका वर्षासाठी निघालेला डॉक्टर

1 सप्टेंबर 1938, मुंबई. तुम्ही 'राजपुताना' बोटीच्या कठड्याला रेलून उभे आहात. धक्का आणि बोट यांच्यामधलं पाणी रुंद होत चाललंय. गणपतीचे दिवस आहेत. मागे शहरात घराघरांत आरत्या चालू असतील, आणि इथे तुमच्या शेजारी पाच डॉक्टर युद्धावर निघाले आहेत. ते युद्ध त्यांच्या देशाचं नाही.

या प्रवासात तुम्ही कुणाला दिसणार नाही आणि तुम्हाला काही बदलता येणार नाही. वर्षंही ओळीनं येणार नाहीत. ज्याच्या मागोमाग तुम्ही निघालात त्याला म्हातारपण मिळालंच नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून युद्धाच्या, बोटींच्या, मित्रांच्या गोष्टी नातवंडांना सांगायचे दिवस त्याच्या वाट्याला आले नाहीत. त्याच्या आठवणींतून आता तुम्हालाच फिरावं लागणार आहे.

पाचांपैकी तो कोणता ते पाहून घ्या. अलाहाबादचे डॉ. मदन अटल पथकाचे प्रमुख आहेत. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केलेले आहेत, त्यामुळे तोफा म्हणजे काय हे या पाचांत त्यांनाच ठाऊक आहे. नागपूरचे डॉ. चोळकर वयानं सगळ्यांत मोठे. देबेश मुखर्जी आणि बिजय कुमार बसू कलकत्त्याचे. आणि तो पाचवा, अंगानं लहानखुरा, 27 वर्षांचा, सोलापूरचा द्वारकानाथ शांताराम कोटणीस. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला. पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू असताना त्यानं काँग्रेसचं आवाहन वाचलं आणि घरी परवानगी मागितली. वडील हो म्हणाले. गिरणीतल्या नोकरीवर मोठं कुटुंब चालवणाऱ्या बापानं शिकून डॉक्टर झालेल्या मुलाला कमावत्या वयात परमुलखी, तेही लढाईवर जाऊ द्यायचं, हा होकार मला या सगळ्या गोष्टीतला पहिला मोठा त्याग वाटतो. त्याचा कुठे पुतळा नाही.

जुलै 1937 मध्ये जपाननं चीनवर उघड चढाई केली. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या सैन्याचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी 30 जून 1938 रोजी देशाला हाक दिली. स्वतः गुलाम असलेल्या देशानं 22,000 रुपये, एक रुग्णवाहिका आणि हे पाच डॉक्टर उभे केले. करार एका वर्षाचा.

हा आकडा मनाशी ठेवा. एक वर्ष. तो चार वर्षं आणि तीन महिने तिथे राहिला, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर परतीची वाट उघडी होती.

बोटीविषयीही सांगायला हवं, कारण बोटींनाही आयुष्य असतं. सात वर्षांपूर्वी, 1931 च्या ऑगस्टअखेर, गांधीजी याच 'राजपुताना'वरून गोलमेज परिषदेला निघाले होते. पुढे महायुद्ध पेटल्यावर हिच्यावर तोफा बसवून हिला ब्रिटिश नौदलात घेतलं जाईल. 13 एप्रिल 1941 रोजी आइसलँडच्या पश्चिमेला, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत, यू-108 या जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो हिला बुडवेल. त्या दिवशी द्वारकानाथ उत्तर चीनच्या एका खेड्यात मुलांना शस्त्रक्रिया शिकवत असेल, चिनी भाषेत. आता मात्र तो इतरांशी बोलत उभा आहे, आणि ज्या लाकडावर त्याचा हात टेकलाय ते अजून कोरडं आहे.

कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग ही नावं तुमच्या डोळ्यांसमोरून जातील. तिथे थांबायला नको. त्याआधी थोडं मागे जाऊ.

मे 1930, सोलापूर. तुमच्या पायाखालची काळी माती तापून फुटलेली आहे. गिरणीचा भोंगा वाजतो आणि हवेत सुताची धूळ तरंगते. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आल्यापासून गाव धुमसत होतं. 8 मेला गोळीबार झाला, माणसं पडली, पोलीस गाव सोडून निघून गेले आणि तीन-चार दिवस सोलापूरचा कारभार सोलापूरकरांच्याच हाती राहिला. 12 मेला लष्करी कायदा लागला. रस्त्यावर बंदुका आल्या, तिरंगा लावणं गुन्हा ठरलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. सोलापुरात ते गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते.

द्वारकानाथ या गावचा, आणि तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा. बाहेरचं सैन्य आपल्या गावात येऊन उभं राहिलं की काय होतं, हे सोलापूरच्या त्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट कानांनी ऐका. या गावात तुम्ही एका गल्लीत मराठी ऐकता, पुढच्या वळणावर कन्नड, पूर्व भागात गेलात तर मागाच्या खटखटाटातून तेलुगू, आणि बाजारात उर्दू. सोलापूरचं पोर पाटीवर अक्षर गिरवायच्या आधीपासून दोन-तीन भाषांत भांडतं आणि खेळतं. द्वारकानाथ चीनमध्ये गेला, दोन-अडीच वर्षांत वर्गावर उभा राहून चिनीतून शिकवू लागला, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटतं, त्याची अर्धी तयारी या गल्ल्यांनी आधीच करून घेतली होती. परकी भाषा कानावर पडली की बावरायचं नसतं, समोरच्याचं तोंड बघून अर्थ लावायचा असतो, हे तो घरूनच शिकून आला होता.

17 सप्टेंबर 1938, कॅन्टन. बंदरावर गर्दी आहे. स्वागताला सुंग चिंग-लिंग आलेल्या आहेत, चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांच्या पत्नी. शहरावर जपानी विमानं येऊन बॉम्ब टाकून जातात. भिंती उभ्या आहेत आणि छपरं नाहीत, असे रस्तेच्या रस्ते तुम्हाला ओलांडावे लागतात. पाच डॉक्टर इथे फार थांबत नाहीत. ते उत्तरेकडे हँकावला पोचतात तोवर सप्टेंबर संपत आलेला असतो. त्यांच्या पाठोपाठ मुलूख पडत जातो. 21 ऑक्टोबरला कॅन्टन जपान्यांच्या हाती गेलं, पाठोपाठ आठवडाभरातच हँकाव. ज्या धक्क्यावर त्यांना फुलं मिळाली त्या धक्क्यावरून आता परत जाता येणार नव्हतं. यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला ते यिचांगला, आणि 21 नोव्हेंबरला चुंगकिंगला पोचले.

चुंगकिंगला जरा थांबा. डोंगरावर वसलेलं, धुक्यानं भरलेलं, निर्वासितांनी तुडुंब झालेलं हे शहर तेव्हा चीनची राजधानी होतं. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सोबत काम केलेले प्राध्यापक तान युन-शान इथे पाचही डॉक्टरांना चिनी नावं देतात. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव के दिहुआ. पुढची चार वर्षं हजारो माणसं त्याला याच नावानं ओळखणार आहेत, आणि जवळची माणसं नुसतंच 'लाओ के' म्हणणार आहेत, आपण एखाद्याला 'अण्णा' म्हणावं तसं.

इथेच त्याला सोलापूरहून बातमी मिळते. वडील गेले.

तुम्ही त्या खोलीत आहात. कम्युनिस्टांच्या तळाकडे, येनानला, निघायची तयारी चालू आहे, पेट्या भरून झाल्या आहेत. सोबतचे चौघेही त्याला घरी जा म्हणतात. घरी आई आहे, भावंडं आहेत. कोणीही नाव ठेवणार नाही असं हे कारण आहे. आपल्याकडे बाप गेल्यावर मुलगा घरी जातो, याला वेगळं कारण द्यावं लागत नाही. तो जायचं नाकारतो. ज्या कामाचा शब्द देऊन आलो ते झाल्याशिवाय जाणार नाही, असं त्याचं म्हणणं. ज्यानं हो म्हटलं होतं त्या बापाला दुसऱ्या कुठल्या मार्गानं उत्तर देता येणार होतं? मी हा प्रसंग वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी मला त्याच्या आईची आठवण येते. सोलापूरच्या त्या घरात बसून तिनं या निर्णयाचं काय केलं असेल? तिला हे कुणी विचारून लिहून ठेवायला हवं होतं.

12 फेब्रुवारी 1939, येनान. पिवळ्या मातीचे डोंगर, आणि डोंगराच्या अंगात खोदलेली घरं. दवाखानाही तसाच, गुहांमध्ये. कंदिलाच्या उजेडात भिंतीवर सावल्या हलतात. हिवाळ्यात श्वास बाहेर पडला की त्याचा धूर होतो. सोलापूरच्या माणसाला ही थंडी हाडांत शिरते. इथे जॉर्ज हातेम आहे, लेबनीज घरातला अमेरिकन डॉक्टर, ज्याला सगळे मा हाय-ते म्हणतात. इथे माओ येऊन भेटतात आणि नेहरूंना आभाराचं पत्र पाठवतात. पण तुम्ही मोठ्या नावांकडे फार वेळ बघू नका. जेवणाच्या वाडग्यात बघा.

वाडग्यात राळे आहेत. आपल्याकडचेच राळे, ज्यांचा भात कोरडवाहू मुलखात वर्षानुवर्षं शिजत आला. आणि उन्हाळा सरता सरता उत्तर चीनच्या मैदानात निघालात तर दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेलं जे पीक उभं दिसेल ती ज्वारी आहे. चिनी लोक तिला गाओल्यांग म्हणतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या जिल्ह्यातला माणूस हजारो मैल बोटीनं, आगगाडीनं, ट्रकनं, घोड्यावरून आणि पायी येऊन पोचतो तो ज्वारीच्याच शेतात. फरक एवढाच की या ज्वारीत गनिमी सैनिक लपतात. पीक उभं असेपर्यंत जपानी सैन्याला आत बघता येत नाही, म्हणून गावकरी कापणीची वेळसुद्धा लढाईच्या हिशेबानं बघतात. मला हे फार मोलाचं वाटतं. परक्या देशात टिकून राहायला माणसाला तत्त्वज्ञान लागतं तसं ओळखीचं धान्यही लागतं.

पाचांचे तीन झाले. 1939 मध्येच मुखर्जी आजारी पडून परतले, डॉ. चोळकरही परतले. ठरलेलं एक वर्ष सरलं होतं. राहिलेले तिघेही कुणाचं देणं न ठेवता भारतात येऊ शकत होते. नोव्हेंबर 1939 मध्ये अटल, बसू आणि कोटणीस उलट्या दिशेला निघाले, येनान सोडून थेट आघाडीकडे. डिसेंबरात दक्षिण-पूर्व शान्सीत त्यांना चू तेह भेटले, ज्यांच्या पत्रानं हे सगळं सुरू झालं होतं.

त्या पहाडी प्रदेशातून पुढे जायचं म्हणजे जपान्यांच्या ताब्यातले लोहमार्ग ओलांडायचे. ते रात्रीच ओलांडता येतात. तुम्हीही रांगेत आहात. पुढच्याच्या पाठीवर नजर, खोकला आला तर तोंडात बाही कोंबायची, घोड्याच्या खुरांचा आवाज होऊ द्यायचा नाही. रुळांचं थंड लोखंड क्षणभर पायाला लागतं आणि मागे राहतं. मग पुन्हा चढ. उजाडेपर्यंत कुठल्यातरी खेड्यात पोचायचं, तिथल्या म्हातारीनं चुलीवर ठेवलेलं गरम पाणी प्यायचं आणि मातीच्या कट्ट्यावर आडवं व्हायचं.

तिघांचे दोन झाले. अटलांना त्वचेच्या विकारानं हैराण केलं आणि 1940 च्या सुरुवातीला ते परतले. आता एक बंगाली आणि एक मराठी.

या दोघांच्या मैत्रीवर कुणीतरी मन लावून लिहायला हवं. बसू कलकत्त्याचा, राजकारणात मुरलेला, कम्युनिस्ट विचारांचा. द्वारकानाथ निघाला तेव्हा डॉक्टर होता, देशभक्त होता, आणि जग बघायची ओढ असलेला तरुण होता. दोघांची मातृभाषा वेगळी, घरचं जेवण वेगळं. दोघंही एकाच घोंगडीखाली झोपले, एकाच शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि दोघांनी मिळून चिनी शिकून घेतली. बसूनं रोजनिशी ठेवली. आज द्वारकानाथच्या त्या वर्षांतलं जे बारीकसारीक आपल्याला मिळतं त्यातलं पुष्कळ या मित्रामुळे मिळतं.

जून 1940, होपेइ प्रांतातला तांग परगणा. तुम्ही एका समाधीसमोर उभे आहात. समाधी नॉर्मन बेथ्यून यांची. कॅनडाचा हा शस्त्रवैद्य स्पेनमध्ये रणभूमीवर रक्त पोचवायचं काम करून मग चीनला आला होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, रक्तात विष भिनलं, आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी तो गेला. भारतीय डॉक्टर आघाडीकडे निघाले ते त्याच महिन्यात. ज्याच्याबरोबर काम करायचं त्याच्या समाधीच्या कार्यक्रमालाच ते पोचले. गर्दीत एक परिचारिका आहे, ग्वो चिंगलान. शान्सीची, मिशनच्या दवाखान्यात शिकलेली. ती त्या दिवशी द्वारकानाथला पहिल्यांदा बघते. दोघांपैकी कुणालाच पुढचं ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला बोलता येत नाही.

20 ऑगस्ट 1940 पासून आठव्या सैन्यानं जपान्यांच्या लोहमार्गांवर आणि ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले सुरू केले. शंभर पलटणींची मोहीम म्हणून ती ओळखली जाते. त्या धुमश्चक्रीत द्वारकानाथनं आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एका वेळी तर बहात्तर तास तो झोपलाच नाही.

बहात्तर तास हा आकडा वाचताना पटकन पुढे जायला होतं. म्हणून आत या. गावकऱ्याच्या घराचं दार काढून त्याचं टेबल केलेलं आहे. भूल देण्याचं औषध मोजून वापरायचं. पट्ट्या उकळून, वाळवून पुन्हा तयार करायच्या. पहिल्या रात्री तुम्हाला रक्ताचा वास येतो, दुसऱ्या रात्री येत नाही. कुणाच्या मांडीत गोळी, कुणाच्या पोटात तुकडा, कुणी सोळा-सतरा वर्षांचा आईला हाका मारणारा. आई ही हाक कुठल्याही भाषेत कळते. बाहेर तोफेचा आवाज जवळ येतो, कुणीतरी हलायला हवं म्हणतं, आणि टेबलावर पोट उघडं असलेला माणूस आहे. हात थरथरू लागले की तो क्षणभर बाजूला होतो, गार पाणी तोंडावर मारतो, परत येतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही भिंतीला टेकून मटकन खाली बसता. तो उभाच आहे.

जानेवारी 1941 मध्ये त्याला बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचा पहिला संचालक नेमलं गेलं. रुग्णालय म्हणजे गेकुंग गावातली घरं. एका घरात जखमी, दुसऱ्यात औषधं, आणि घरमालकही त्यांच्याच शेजारी राहणार. तिथेच वैद्यकीय शाळा. त्याच वर्षी बसूला येनानला परत बोलावण्यात आलं.

दोघांचा एक झाला.

आता त्या एवढ्या मोठ्या डोंगराळ मुलखात त्याच्याशी मायदेशाच्या आठवणी काढायला एकही माणूस उरला नाही. तुम्ही सोडून, आणि तुम्ही त्याला दिसत नाही. इथे तो खचला असता तर आपण त्याला दोष दिला नसता. त्यानं काय केलं? शिकवलं. शेतकऱ्यांच्या पोरांना, ज्यांतल्या अनेकांनी कधी दवाखाना पाहिला नव्हता, त्यांना त्यानं शरीर समजावून दिलं, चिरा कसा द्यायचा, रक्त कसं थांबवायचं ते दाखवलं. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची प्राथमिक ओळख करून देणारं पाठ्यपुस्तक चिनीत लिहिलं. आणि 25 नोव्हेंबर 1941 रोजी चिंगलानशी लग्न केलं. ती त्याच शाळेत परिचर्या शिकवत होती.

मला त्याच्या वीरमरणापेक्षा हे वर्ष जास्त भावतं. सिनेमाला बहात्तर तास सोपे असतात. ज्या गावात आपली भाषा कळणारं कुणी नाही तिथे सकाळी उठून धडा तयार करणं, तीच वाक्यं चार वेळा समजावून सांगणं, संध्याकाळी वह्या बघणं, हे दिवसांमागून दिवस करायला वेगळी ताकद लागते.

आजार त्याआधीच अंगात आला होता. फेफऱ्याचे झटके. आघाडीचे प्रमुख निए रोंगचेन यांच्यापासून सगळ्यांनी त्याला उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जायचा आग्रह केला. ही वाटही उघडीच होती. 1942 हे त्या भागातलं फार वाईट वर्ष. जपानी सैन्य गावंच्या गावं जाळत येत होतं, पावसानं दगा दिला होता, राळ्यात कोंडा मिसळायची वेळ आली होती. त्या अन्नावर, त्या दगदगीत झटके वाढत जाणार हे डॉक्टर असलेल्या त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणावं? तो गेला नाही. जुलैत तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य झाला. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. निए यांनी त्याचं नाव ठेवलं यिनहुआ, भारत आणि चीन दोन्ही एका नावात. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'ची घोषणा झाली. डोंगरातल्या त्या गावात घरच्या बातम्या पोचायला फार वेळ लागत असे.

8 डिसेंबर 1942, गेकुंग. तुम्ही खोलीत आहात आणि बाहेर यावंसं वाटत असेल तरी राहा. दिव्याजवळ तो दुसरं पुस्तक लिहितो आहे, शस्त्रक्रियेचं सविस्तर पुस्तक. पान 175. साडेतीन महिन्यांचं मूल झोपलेलं. लेखणी थांबते. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. सहकारी धावतात, ज्यांना त्यानं शिकवलं तेच त्याच्यावर उपचार करतात. रात्र अशी जाते. 9 डिसेंबरच्या पहाटे सव्वासहा वाजता द्वारकानाथ कोटणीस गेला. वय 32. माओंनी लिहिलं की सैन्यानं मदतीचा हात आणि राष्ट्रानं एक मित्र गमावला. पुढे त्याची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात बेथ्यूनच्या समाधीच्या सोबतीला नेण्यात आली. ज्याची जिवंतपणी भेट हुकली त्याचा शेजार असा मिळाला.

पुढची वर्षं तुम्हाला वेगानं ओलांडावी लागतील. 1943 मध्ये बसू भारतात परतला. 1944 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि द्वारकानाथची भूमिका स्वतः केली. त्या सिनेमाचे उपकार आहेत. त्याच्यावाचून हे नाव देशभर पोचलं नसतं. पण त्यात डॉक्टर प्लेगवर औषध शोधतो आणि प्लेगनंच मरतो. तुम्ही आत्ता त्या खोलीतून आलात. प्लेग नव्हता. अर्धवट पुस्तक होतं, अपुरं अन्न होतं, आणि विश्रांती न घेतलेला माणूस होता. सोलापूरच्या मुलांना शाळेत हे असंच सांगायला हवं.

चिंगलान पुढे भारतात आली, सासरच्या माणसांना भेटली. 1962 मध्ये दोन्ही देशांत युद्ध झालं. 1967 मध्ये यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच गेला, पंचविशीही पूर्ण व्हायच्या आत. नवरा गेला, मुलगा गेला, आणि ती 2012 पर्यंत जगली, शेवटपर्यंत सासरच्यांशी नातं ठेवून. चीनचे पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष भारतात येत तेव्हा कोटणीसांच्या घरच्यांना भेटत; पण ते नातं मुख्यतः तिनं टिकवलेलं होतं. ज्या वर्षी ती गेली त्याच वर्षी, 1 जानेवारीला, सोलापुरात भैया चौकातल्या त्याच्या जन्मघराचं स्मारक लोकांसाठी उघडलं होतं.

आता शेवटचा मुक्काम, कलकत्ता. 1950 चं दशक सरतंय. बिजय बसू पुन्हा चीनला जाऊन आले आहेत आणि येताना ॲक्युपंक्चर शिकून आले आहेत. तुम्ही त्यांच्या दवाखान्यात रांगेत बसला आहात. तुमच्या पुढे गुडघे धरलेली एक म्हातारी आहे, तिच्या पुढे मान आखडलेला गोदीतला हमाल. बारीक सुया आल्या आहेत, लोक आधी घाबरतात, मग ऐकून ऐकून येऊ लागतात. बसूंना आता कुणी चीनमध्ये पाठवलेलं नाही, कुणी इथे बसवलेलंही नाही. पुढे कोटणीसांच्या नावानं स्मारक समिती उभी राहील आणि बसू तिच्या कामाला वाहून घेतील. त्या नावाखाली सुयांचे दवाखाने गावोगाव निघतील, ज्यांत पैसे नसलेल्या माणसालाही उपचार मिळतील. तुमचा नंबर येतो. डॉक्टर मान वर करून तुम्हाला कुठे दुखतंय ते विचारतात.